रोजचे सुख आणि दोन सुया

सुख कोणास नको असते? तरी ते कोठे राहते असे विचारले असता पुष्कळ माणसे त्याचा पत्ता फार लांबचा सांगतात. कोणी म्हणतो, मुलीचे लग्न पार पडले की मी सुखी होईन. कोणी म्हणतो, विहिरीस पाणी लागू द्या, मुलास नोकरी लागू द्या, सोसायटीचे कर्ज फिटू द्या, मग पाहू. ह्या गोष्टी क्षुल्लक आहेत असे आम्ही कधीही म्हणणार नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्यास ‘बाबा, तू आनंदी राहा’ असा नुसता उपदेश करणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होय. तथापि मुलीचे लग्न एकदाच होते, विहिरीस पाणी एकदाच लागते, आणि वर्षाचे दिवस तर तीनशे पासष्ट असतात. त्या बाकीच्या दिवसांचे काय करावयाचे? ते सगळे दिवस केवळ वाट पाहण्यात घालवावयाचे काय?

ह्या प्रश्नाचा विचार करताना आम्ही आज वाचकांपुढे तीन अगदी साध्या गोष्टी ठेवणार आहो: घराबाहेर पडून डोंगर व रान तुडवणे, सोबत्याचा सहवास, आणि लोकरीचे विणकाम. ही तीन नावे एका ओळीत पाहून कोणी हसेल. कोणी गंभीर मनुष्य असेही म्हणेल की, ज्या गावात पाण्याच्या टाकीवरून भांडणे चालली आहेत त्या गावातील लोकांस ह्या रिकामटेकड्या गोष्टी कशाला सांगता? हा आक्षेप आम्ही टाळणार नाही. त्याचा समाचार पुढे घेऊ. प्रथम सुखाचा स्वभाव कसा आहे तो पाहावा.

इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिल नावाचा एक मोठा विचारवंत होऊन गेला. त्याच्या बापाने त्यास तीन वर्षांचा असल्यापासून ग्रीक भाषा शिकवली, आणि लोकांचे जास्तीत जास्त सुख कसे वाढेल हेच आयुष्याचे ध्येय म्हणून त्याच्यापुढे ठेवले. 1826 साली, वीस वर्षांचा असताना, त्याने आपल्या मनास एक प्रश्न केला: ज्या सुधारणा व्हाव्यात म्हणून तू झटतोस त्या सर्व आता ह्या घटकेस झाल्या, तर तुला आनंद होईल काय? मनाने स्पष्ट उत्तर दिले की, नाही. ह्या उत्तराने तो पुरता खचला, आणि कित्येक महिने त्यास कशातच गोडी वाटेना. पुढे तो सावरला. त्याच्या मृत्यूनंतर 1873 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने ह्या अनुभवाचे सार लिहून ठेवले आहे, ते असे की, सुखाकडे टक लावून बसणारास सुख मिळत नाही. ज्याचे मन दुसऱ्या कशात गुंतले आहे, मग ते दुसऱ्याचे हित असो, नाहीतर एखादी कला किंवा छंद असो, त्यास ते वाटेत जाता जाता मिळते. मात्र ती कला तिच्याचसाठी केलेली असावी, ही अट त्याने घातली आहे. आणि वाचकांस ऐकून नवल वाटेल की, एवढा मोठा पंडित, पण लांब लांब पायी फिरावे आणि रानातील झाडपाला गोळा करून त्याची ओळख करून घ्यावी हा त्याचा जन्मभराचा नाद होता.

मिलचे म्हणणे आम्हांस पटते, आणि विणणाऱ्या बाईस तर ते मिल न वाचताच ठाऊक असते. सुयांवर टाके घालून ती बसली म्हणजे ‘मी आता सुखी आहे काय’ हे ती स्वतःस विचारीत नाही. सुलट किती झाले, उलट किती राहिले, इकडे तिचे लक्ष असते. विणकामात मुळात टाका एकच आहे. जो पुढून सुलट दिसतो तोच मागून उलट दिसतो. त्या एकाच टाक्याच्या अदलाबदलीतून पट्ट्या, चौकटी, वेली सगळे निघते. मागावरच्या कापडास ताणा आणि बाणा असे दोन धागे लागतात, ह्यास एकच पुरतो, आणि फासात फास अडकवीत ते वाढत जाते. म्हणून ते ताणले तर ताणते आणि सोडले तर परत येते, आणि म्हणूनच कानटोपी व पायमोजा अंगाबरोबर बसतो. हे काम इतके सोपे नाही की मन भटकावे, आणि इतके कठीणही नाही की मन थकावे. आपल्या कुवतीस पुरेपूर लागेल एवढेच काम हाती असले म्हणजे मनुष्य स्वतःस व घड्याळास विसरतो, ह्या अवस्थेवर मिहाय चिक्सेंटमिहाय नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1990 साली एक सबंध ग्रंथ लिहिला. आमच्या आज्या तो न वाचताच गोधडीस टाके घालीत बसत.

येथपर्यंत कोणाचा वाद नसावा. परंतु हाच पायमोजा आणि ह्याच सुया मनुष्यास गुलामही करू शकतात, आणि तो इतिहास सांगितल्यावाचून विणकामाची स्तुती करणे आम्हांस खोटेपणाचे वाटते.

स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रात शेटलंड नावाचा बेटांचा पुंजका आहे. तेथे झाडे फार थोडी, वारा अखंड, आणि भर हिवाळ्यात दिवसाचा उजेड सहा तासही टिकत नाही. मेंढ्या मात्र उत्तम. त्या लहान असतात, त्यांची लोकर मऊ, आणि पूर्वी ती कातरीत नसत, ऋतू आला की हातानेच उपटून काढीत. पुरुष सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्यांतून दूरवर मासे धरण्यास जात. मागे घर, गाय, शेत, मुले आणि जळण हे सगळे बायकांवर असे. जळण म्हणजे दलदलीतून कापलेली व उन्हात वाळवलेली माती. ती त्या पाठीवरच्या टोपलीत भरून मैल दोन मैल वाहून आणीत, आणि चालता चालता विणीत! कमरेस घोड्याचे केस भरलेला एक चामडी पट्टा असे, त्यास भोके पाडलेली असत. एका भोकात सुईचे टोक रोवले म्हणजे ती सुई स्थिर राही आणि हात झपाझप चालत. पाठीवर ओझे, पायाखाली ओली वाट, आणि बोटांत पायमोजा. त्या काळी काढलेली छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात.

चित्र पाहणारास हे मोठे रम्य वाटते. पण त्या पायमोज्याचे काय होई? तो व्यापाऱ्याकडे जाई, आणि व्यापारी रोख पैसे न देता चहा, कापड, अशा वस्तू आपल्याच दुकानातून आपल्याच भावाने देई. बाईस पीठ हवे असले तरी पुष्कळदा पदरी चहा पडे, आणि मग तो चहा शेजारणीस देऊन तिने पीठ मिळवावे! ह्या रिवाजाची सरकारी चौकशी होऊन तिचा वृत्तांत 1872 साली प्रसिद्ध झाला. त्यात ह्या बायकांच्या तोंडच्या जबान्या आहेत. आणि समुद्राचे सांगावयाचे तर, 1881 च्या जुलैत एका वादळी रात्री ग्लूप नावाच्या खाडीतून गेलेल्या दहा होड्या बुडाल्या व अठ्ठावन्न पुरुष गेले. त्यांच्या विधवांस पोटासाठी विणणे आले ते काही छंद म्हणून नव्हे.

मग त्या बायकांस विणण्यात सुख नव्हते असे म्हणावे काय? तसेही म्हणवत नाही. हिवाळ्याच्या लांब रात्री त्या एकमेकींच्या घरी जमत, लोकर पिंजीत, विणीत, गोष्टी सांगत. उन्स्ट नावाच्या सर्वांत उत्तरेच्या बेटावर तर अशा बारीक धाग्याच्या शाली होत की सबंध शाल बोटातल्या अंगठीतून ओढून काढता येई. केवळ पोटासाठी काम करणाऱ्या हाताकडून इतके नाजूक काम होत नाही. त्या कामात त्यांचा मान होता. दुःख होते, अन्याय होता, आणि त्यातच हा मानही होता, तिन्ही खरे. अन्याय पुढे कायद्याने कमी होत गेला. 1886 च्या कायद्याने तेथल्या कुळांस जमिनीची शाश्वती मिळाली. विणकाम मात्र राहिले. 2010 पासून तेथे दर वर्षी लोकरीचा सप्ताह भरतो आणि देशोदेशींचे लोक त्या बायकांकडून शिकण्यास जातात.

आम्ही हे लांबचे उदाहरण इतके विस्ताराने का सांगितले? कारण आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा प्रश्न तोच आहे. शहरातील मनुष्य सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जातो आणि म्हणतो, मोकळ्या हवेत काय सुख आहे! खेड्यातील मनुष्य मनात म्हणतो, मी तर पहाटेपासून मोकळ्याच हवेत आहे, मला कोठे सुख दिसले? खुरपणाऱ्या बाईस उन्हाचे कौतुक सांगू नये. दख्खनची काळी मेंढी घेऊन पावसामागे व चाऱ्यामागे कोसच्या कोस चालणाऱ्या धनगरास पदभ्रमणाचे फायदे सांगू नयेत. त्याच्या मेंढीच्या जाड लोकरीचे सूत त्याच्या घरच्या बायका काढतात, सणगर त्याची घोंगडी विणतो, आणि ते घोंगडे पावसाळ्यात त्याचे छप्पर होते. त्यास लोकर म्हणजे काय हे आमच्यापेक्षा शतपट अधिक कळते.

तरी भेद आहे, आणि तो कामात नाही, मोकळीकीत आहे असे आम्हांस वाटते. ज्या रानात मी पोटासाठी जातो त्याच रानात एक दिवस मी कोणाच्या हुकमावाचून गेलो, तर तेच रान निराळे दिसते. अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर आहे, ते आपल्या महाराष्ट्रात सर्वांत उंच, 1646 मीटर. बारी गावावरून वाट चढते. जेथे कडा उभा आहे तेथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. त्या शिखराविषयी तिकडचे लोक एक कथा सांगतात. कळसू नावाची मुलगी कोणाच्या घरी कामास होती. भांडी घासणार नाही व केर काढणार नाही, ह्या बोलीवर ती राहिली होती. एके दिवशी पाहुणे फार आले आणि तिला ती कामे लावली. तिने ती मुकाट्याने केली, आणि मग ती डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. कथेचा खरेखोटेपणा आम्ही पाहत नाही. परंतु ज्या लोकांनी ही कथा जपली त्यांना डोंगराचा अर्थ कळला होता. राबणाऱ्या मुलीलाही आपला म्हणून एक उंच ठिकाण असावे, हे त्यांनी मनोमन जाणले होते.

अशा ठिकाणी वर्षातून एकदा तरी जावे. कळसूबाईच पाहिजे असे नाही; प्रत्येक गावास एखादी टेकडी, एखादा ओढा, एखादे पडके देऊळ किंवा गढी असतेच, आणि पुष्कळांनी आपल्याच गावच्या टेकडीवरून आपले गाव कधी पाहिलेले नसते. ज्या बांधावरून दोन भाऊ दहा वर्षे कोर्टात झगडत आहेत तो बांध वरून दिसतसुद्धा नाही! जातेवेळी एकटे जाऊ नये हे मात्र आम्ही आवर्जून सांगतो. पाय मुरगळला तर उचलणारा हवा हे एक कारण; दुसरे कारण मैत्री.

मैत्रीविषयी ग्रीक तत्त्ववेत्ता अरिस्टॉटल ह्याने आपल्या नीतिशास्त्रात दोन सबंध भाग खर्ची घातले आहेत. त्याने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगासाठी जोडलेली, मौजेसाठी जोडलेली, आणि समोरच्या मनुष्याच्या सद्गुणासाठी त्याचे भले इच्छून जोडलेली. पहिल्या दोन प्रकारच्या, उपयोग सरला व मौज संपली की सरतात. तिसरी टिकते, पण ती पिकण्यास काळ लागतो. हा काळ खेड्यात पूर्वी कोठे मिळत असे? पुरुषांस पारावर, बायकांस पाणवठ्यावर. आता घरोघर नळ आले, हे फार चांगले झाले. डोक्यावरच्या हंड्याची महती सांगणारे आम्ही नव्हे. परंतु ज्या गावांत नळ आले तेथे हंड्याबरोबर बाईची ती घटकाभराची भेटही गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आपण दिले नाही. पुरुषांचा पार तर कोणी काढून घेतला नव्हता. तरी आता तेथे चौघे बसले तर चौघांच्या माना आपापल्या मोबाइलात असतात.

विणकाम येथे उपयोगी पडते. समोरासमोर बसून ‘बोल, तुझे दुःख काय’ असे विचारले तर कोणी बोलत नाही. हातात काम असले, डोळे टाक्यांवर असले, तर जीभ आपोआप मोकळी होते, आणि जी गोष्ट तोंडाकडे पाहून सांगता येत नाही ती सुयांकडे पाहून सांगता येते. वाटेने बरोबर चालणाऱ्यांचेही तसेच आहे. दोघांची दृष्टी पुढे असते आणि बोलणे मध्ये चालते. मध्येच गप्प राहिले तरी अवघडल्यासारखे होत नाही. आमच्या पाहण्यात एक विधवा बाई आहे. नवरा गेल्यावर तिने वर्षभर कोणाशी शब्द काढला नाही. शेजारणीने तिला समजूत सांगितली नाही. ती रोज दुपारी लोकरीचा गुंडा घेऊन तिच्या ओट्यावर जाऊन बसे, एवढेच. सहाव्या की सातव्या दिवशी त्या बाईने हात पुढे करून म्हटले, ‘तुझा टाका सुटलाय, बघ.’ वर्षभरात तिने आपण होऊन काढलेले ते पहिले शब्द होते.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या लोकांनी 1938 पासून काही मनुष्यांच्या आयुष्याचे निरीक्षण चालवले आहे. त्यांच्या मुलांपर्यंत ते आता पोहोचले आहे. पैसा व कीर्ती ह्यांपेक्षा जिवाभावाच्या संबंधांचा म्हातारपणीच्या प्रकृतीशी व समाधानाशी निकटचा संबंध दिसतो, असे त्यांचे म्हणणे आहे. पवित्र शास्त्रातील टबीथेची गोष्ट वाचकांस ठाऊकच आहे. यापो येथे ती वारली तेव्हा विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने केलेली वस्त्रे दाखवू लागल्या. तिने काय उपदेश केला हे कोणी सांगितलेले नाही, वस्त्रे दाखवली.

आता त्या आक्षेपाकडे वळू. कोणी म्हणतो, हा वेळ फुकट जातो. बाजारात यंत्राचा स्वेटर लोकरीच्या किमतीपेक्षा स्वस्त मिळतो, मग महिनाभर बोटे कशास झिजवावी? विकण्यासाठी विणत असेल तर ठीक, नाहीतर हा आळस आहे. हे बोलणे आम्ही अनेक घरांतून ऐकले आहे, आणि ते बोलणारे बहुधा पुरुष किंवा सासवा असतात. त्यांस आमचे उत्तर असे की, बाईच्या दिवसातील प्रत्येक घटकेचे पैसे झालेच पाहिजेत असा जो हट्ट, त्याचीच परमावधी शेटलंडच्या त्या व्यापाऱ्याच्या दुकानात झाली होती. विणलेले विकू नये असे आम्ही म्हणत नाही; रोख व रास्त दाम मिळत असेल तर खुशाल विकावे, आणि ते पैसे तिच्याच हाती राहावेत. परंतु एखादी कानटोपी अशी असावी की जी कोणी मागितली नाही, जिचे दाम ठरले नाही, आणि जी बहिणीच्या बाळासाठी नुसती केली.

शेजाऱ्याच्या दुःखाचा जो आक्षेप आहे तो अधिक जड आहे. गावात कोणी उपाशी असता आपण टेकडीवर हिंडावे काय? तो उपाशी आहे हे कळले असेल तर हिंडू नये, आधी त्याच्याकडे जावे. ह्यात आम्हांस संशय नाही. पण आम्ही असेही पाहिले आहे की, ज्या कार्यकर्त्यास स्वतःचा असा एकही सुखाचा तास नाही तो दुसऱ्याच्या दारी जातो तेव्हा कुरकुर घेऊन जातो. त्याची सेवा लोकांस ओझे वाटते. ज्याचे मन रोज थोडे भरते त्याच्याजवळ द्यावयास काही असते. शिवाय दुःखी मनुष्यास नेहमी धान्यच हवे असते असे नाही. कधी त्यास आपल्याबरोबर ओढ्यापर्यंत चालणारा कोणी हवा असतो.

आणखी एक गोष्ट न सांगता राहवत नाही. पुरुषांची मोकळीक पुष्कळदा बायकांच्या जिवावर असते. चार मित्र डोंगरावर निघाले, भाकऱ्या कोणी भाजल्या? मुले कोणी सांभाळली? ज्या घरातील नवरा महिन्यातून एक दिवस मित्रांबरोबर जातो त्या घरातील बायकोसही महिन्यातून एक दिवस मैत्रिणींबरोबर मिळाला पाहिजे, आणि त्या दिवशी चूल त्याने सांभाळावी. हे बोलणे कित्येकांस रुचणार नाही. पण हा हिशेब साधा आहे, आणि तो ज्या घरात चुकतो तेथील एकाचे सुख दुसऱ्याच्या श्रमातून कापून घेतलेले असते. पुरुषांनीही सुया हाती धरण्यास हरकत नाही. फ्रान्सच्या लांद प्रांतात दलदलीतून मेंढ्या राखणारे पुरुष उंच काठ्यांवर उभे राहून दिवसभर पायमोजे विणीत असत, आणि त्यांस कोणी बायल्या म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांनी सुगीची धांदल संपल्यावर, थंडी पडू लागली म्हणजे करावा. फार बारीक सुया व फार बारीक लोकर प्रथम घेऊ नये. मध्यम जाडीची, फिक्या रंगाची घ्यावी, कारण काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि खेड्यात संध्याकाळी वीज जाते. तीस टाके घालून नुसते सुलट विणीत जावे, आणि चौकोन झाला की टाके बंद करावेत. एखादा टाका निसटला तर घाबरू नये. तो फास दुसऱ्या सुईने किंवा आकड्याने धरून एकेक पायरी वर आणता येतो. सबंध तुकडाच बिघडला तर उसवावा. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लड करून ती ओली करावी, खाली हलके वजन बांधून सावलीत टांगावी, म्हणजे पुन्हा सरळ होते. चार घरच्या चार बायकांनी प्रत्येकी बारा चौकोन केले तर अठ्ठेचाळीस होतात, आणि ते जोडले म्हणजे एक लहानसे पांघरूण होते. ते कोणास द्यावयाचे हे त्या चौघींनी बसून ठरवावे.